लेझर वेल्डिंगला पत्रा बदलताना वेग लावायच्या आधी काय काय बघून ठेवायचं

कुपवाड, मिरज एमआयडीसीत आता बऱ्याच फॅब्रिकेशनवाल्यांकडं १५०० वॉटचं हातात धरायचं फायबर लेझर मशीन दिसतं. एकाच दिवसात त्याच्यावर सकाळी तासगावच्या बेदाण्यासाठी एसएसचे (स्टेनलेस स्टीलचे) ट्रे, दुपारी एमएसची (साध्या लोखंडाची) फ्रेम, आणि संध्याकाळी कोणतरी ओळखीचा "एवढं जरा मारून द्या की" म्हणत अ‍ॅल्युमिनियमचा पाइप घेऊन उभा. आणि होतंय काय, पत्रा बदलला की आपण स्क्रीनवर पॉवर वरखाली करतो पण हात मात्र आधीच्याच चालीनं चालतो, मग भोक पडलं की पॉवरला शिव्या. माझं म्हणणं एवढंच की वेग सगळ्यात शेवटी ठरवायचा, त्याच्या आधीचं सगळं पक्कं झाल्यावर, नाहीतर गनमधली काच खराब असते आणि आपण हात हळू करत बसतो.

पहिलं चष्मा. आर्गन वेल्डिंगची काळी काच इथं चालत नाही, फायबर लेझरचा किरण १०७० ते १०८० नॅनोमीटरचा, डोळ्याला दिसतच नाही, त्यामुळं पापणीही मिटत नाही आणि तो सरळ आत पडद्यावर जाऊन बसतो. चष्म्यावर ही रेंज आणि ओडी (चष्मा किरण किती अडवतो त्याचा आकडा) ६ किंवा त्याच्या वर असं छापलेलं बघूनच घ्यायचा, आणि ऑपरेटरसोबत हेल्परलाही द्यायचा, कारण अ‍ॅल्युमिनियमवरून उडालेला किरण कुणाकडं जाईल ते सांगता येत नाही. बाजूला पडदा किंवा पत्र्याचा आडोसा पाहिजेच. अर्थचा क्लॅम्प जॉबलाच लावायचा, नोझल जॉबला टेकल्याशिवाय लेझर सुटू नये म्हणून ती सोय दिलेली असते, वायर शॉर्ट करून तिला चकवणारे हुशार लोक मी बघितलेत, त्यांच्या शेजारी उभं राहू नका.

मग गनमधली प्रोटेक्शन काच काढून उजेडाकडं धरून बघा. बारीक काळा ठिपका जरी असला तरी पॉवर खाली पोचत नाही आणि काच तापून तडकते. काच बदलताना पंखा बंद, हात स्वच्छ, काढलेल्या जागेवर टेप. लाल ठिपका नोझलच्या मधोमध येतोय का ते बघा. चिलरमधे (मशीन पाण्यानं गार ठेवणारा डबा) डिस्टिल्ड पाणीच, बोअरचं नको. आपल्याकडं एप्रिल-मे मधे पारा चाळिशीला जातो तेव्हा चिलर धापा टाकतो म्हणून त्याची जाळी झटकून ठेवा, आणि पावसाळ्यात, विशेषतः साताऱ्याच्या बाजूला, उलटा त्रास, पाणी फार गार ठेवलं की दमट हवेनं गनच्या आत लेन्सवर दव धरतं. पावसाळ्यात चिलरचं सेटिंग मशीनच्या पुस्तकात दिलंय तसं वर घ्यायचं.

गॅस किती शिल्लक आहे ते काम सुरू करायच्या आधी बघा, मधेच संपला तर अर्धा टाका (वेल्डिंगची रेघ) चांदीसारखा आणि अर्धा काळा. एसएस ३०४ ला (आपल्याकडचा नेहमीचा स्टेनलेस) नायट्रोजन चालतो आणि स्वस्त पडतो, अ‍ॅल्युमिनियमला मात्र आर्गनच. मिनिटाला १५ ते २० लिटरपासून सुरुवात करा.

आता जॉब. लेझरचा ठिपका बारीक असतो त्यामुळं फट त्याला खपत नाही, वायर (टाक्यात भर घालणारी तार) न लावता मारायचं असेल तर फट जाडीच्या दहाव्या हिश्श्याच्या आत पाहिजे, म्हणजे १ मिमी पत्र्याला ०.१ मिमी. कातरीनं कापलेल्या कडेची बर (वर आलेली धारदार कोर) काढा, अ‍ॅसिटोननं तेल पुसा आणि ते पूर्ण उडू द्या मगच ट्रिगर. टॅक (पत्रे धरून ठेवणारे छोटे टाके) जवळजवळ मारा. फट जास्त असेल तर वायर लावा, हात हळू करून फट भरायचा प्रयत्न करू नका, त्यानं फक्त कडा वितळून मागं जातात आणि फट अजून वाढते.

ह्याच्या पुढचा घोळ मात्र नीट समजून घ्या. स्क्रीनवर जो स्कॅन स्पीड लिहिलेला असतो, समजा ३०० मिमी प्रति सेकंद, तो तुमच्या हाताचा वेग नाहीच. तो किरण डावीकडून उजवीकडं हलतो त्याचा वेग. रुंदी ३ मिमी ठेवली असेल तर एक पूर्ण फेरी ६ मिमीची, म्हणजे सेकंदाला ५० फेऱ्या. तुमचा हात सेकंदाला २० मिमी सरकत असेल तर दोन फेऱ्यांत अंतर ०.४ मिमी पडतं, आणि हात ४० नं पळवला तर ०.८, म्हणजे टाक्याची खवली लगेच विरळ दिसायला लागते आणि खाली पकड कमी. वायर फीडर लावलेला असेल तर गोष्ट अजून वेगळी, वायरच गनला मागं ढकलते त्यामुळं हाताचा वेग म्हणजे जवळजवळ वायरचा वेग, तिथं ढकलाढकली न करता फीडरवरच वेग बदलायचा.

हाताचा वेग मोजायला काही महागडं लागत नाही. भंगारातल्या पत्र्यावर ३०० मिमीची रेघ मारा, टाका मारा, हेल्परला मोबाइलवर वेळ लावू द्या. १५ सेकंद लागले तर वेग २० मिमी. मग पॉवरला वेगानं भागा, १५०० भागिले २० म्हणजे मिलिमीटरमागं ७५ जूल, हात निम्मा केला की १५०. सगळीच उष्णता पत्र्यात शिरत नाही पण तुलना करायला हा आकडा फार कामाचा.

एसएसपासून सुरुवात करा, कारण ते शिकवतं. ३०४ मधून उष्णता एमएसच्या जवळपास तिसऱ्या हिश्श्यानंच पुढं सरकते, म्हणजे जिथं टाकाल तिथंच साठते, आणि तापल्यावर एमएसपेक्षा फुगतंही जास्त. म्हणून हात जरा चटपटीत पाहिजे, १ मिमी पत्र्याला सेकंदाला २० ते ३० मिमीपासून सुरू करा आणि रंग बघत चला. चांदीसारखा किंवा हलका सोनेरी आला तर ठीक, निळा आला तर हात रेंगाळतोय, काळपट राखाडी आला तर हात रेंगाळतोय किंवा गॅस पोचत नाही, आधी गॅस बघा. लांब टाका एका दमात मारू नका, तुकड्या-तुकड्यानं आलटून पालटून मारा नाहीतर ट्रे पोट धरतो. दुधाच्या टाकीचं किंवा पाइपचं काम असेल तर मागच्या बाजूनंही आर्गन सोडा, नाहीतर आतून खरखरीत काळं होतं आणि दुधाची साय तिथंच चिकटून बसते.

एमएस सोशिक आहे. सीआर (थंड लाटलेला गुळगुळीत) पत्रा असेल तर एसएसपेक्षा किंचित हळू, बाकी फार डोकं लावायला लागत नाही. एचआर (गरम लाटलेल्या) पत्र्याची काळी पापडी मात्र ग्राइंडरनं काढायचीच. आणि ईएन ८ चा (जास्त कार्बनच्या पोलादाचा) शाफ्ट कुणी आणला तर वेगाची घाई नको, त्यात कार्बन ०.४ टक्क्याच्या आसपास, लेझरचा टाका इतका झटकन गार होतो की तो कडक होऊन तडकतो. गरम करून घ्या नाहीतर सरळ दुसऱ्या पद्धतीनं करा. हळद शिजवायच्या कुकरचा वाफेच्या दाबाचा भागही ह्या मशीनवर घेऊ नका, ते प्रमाणपत्र असलेल्या वेल्डरचं काम, तुम्ही फार तर वरची पत्र्याची झाकणं करा.

जीआयला (जस्ताचा थर दिलेल्या पत्र्याला) वेग नंतर, आधी जस्त. जस्त ९०७ अंशाला उकळतं आणि लोखंड वितळतं १५०० च्या आसपास, म्हणजे लोखंड वितळेपर्यंत जस्ताची वाफ झालेली असते आणि ती टाक्यातून फुटून बाहेर येते, ठिणग्या, भोकं, सगळं. जमेल तिथं कडेचं जस्त घासून काढा, एकावर एक पत्रा असेल तर मधे ०.१ ते ०.२ मिमीची फट मुद्दाम ठेवा म्हणजे वाफेला वाट मिळते, आणि हात थोडा हळू. धूर ओढायचा पंखा आणि मास्क पाहिजे, त्या पांढऱ्या धुरानं रात्री थंडी वाजून ताप येतो. गूळ खाल्ला, दूध प्यालं की धूर बाधत नाही असं म्हणतात ते काही खरं नाही.

अ‍ॅल्युमिनियमला लोक घाबरून हात हळू करतात आणि तिथंच फसतात. ते न वितळलेलं असताना बहुतेक लेझर परत फेकतं आणि जे घेतं ते एसएसच्या दहापट वेगानं आजूबाजूला वाटून टाकतं, त्यामुळं कमी पॉवर, हळू हात केलं की आधी काहीच होत नाही, मग आख्खा पत्रा तापतो आणि एकदम खाली गळतो. पॉवर जास्त आणि हात पळता, हे धोरण. टाका पुढं जाईल तसा पत्रा तापलेला असतो म्हणून शेवटाकडं हात अजून थोडा वाढवा. वरच्या ऑक्साइडला वितळायला दोन हजारावर अंश लागतात आणि आतल्या धातूला ६६०, म्हणून मारायच्या आधी एसएसच्या ब्रशनं घासा, आणि तो ब्रश दुसऱ्या कशाला वापरू नका. खिडक्यांचं सेक्शन ६०६३ असतं, ते वायरशिवाय मारलं तर मधोमध चीर जाते, ४०४३ ची वायर लावा.

तांब्याचं काम नवीन माणसानं घेऊ नये. ते ९५ टक्क्यांच्या वर किरण परत पाठवतं, तो गनमधून मागं गेला तर मशीनचा सोर्सच (लेझर तयार करणारा भाग) जातो. १५०० वॉटवर अगदी पातळ पट्टी, गन थोडी तिरकी धरून, बास. पितळेत पुन्हा जस्त आहेच.

एसएस-एमएस जोड असेल तर ३०९एल वायर, आणि किरण जरासा एमएसकडं झुकता ठेवा कारण ती बाजू उष्णता लवकर पळवते.

एवढं झाल्यावर जॉबच्याच पत्र्याचे, त्याच जाडीचे तुकडे घ्या. तीन पट्ट्या मारा, पॉवर, रुंदी, गॅस सगळं तेच, फक्त वेग वेगळा. मग व्हाइसमधे धरून टाका फुटेपर्यंत वाकवा, आणि एक तुकडा आडवा कापून घासून खाली किती शिरलंय ते बघा. वरून सुंदर दिसणारा टाका वाकवल्यावर कागदासारखा सुटला तर वेग जास्त होता, मागून थेंब लोंबत असतील तर कमी. जो बरा निघाला त्या पट्टीवरच मार्करनं धातू, जाडी, पॉवर, स्कॅनची रुंदी, सेकंद, गॅस आणि वायर लिहा आणि मशीनच्या मागं तारेला अडकवून ठेवा. वहीत लिहिलेलं कुणी उघडून बघत नाही, आणि पट्टीवर टाकाही दिसतो.