पड जमिनीवरचं रान साफ करताय? या चुका टाळा

कोकणातल्या वरकस, म्हणजे उतारावरच्या हलक्या जमिनींवर नाचणी-वरी पिकायची बंद झाली, त्याला आता दोन पिढ्या होत आल्या. माणसं मुंबईला गेली, राबासाठी कवळ, म्हणजे झाडांच्या फांद्या, तोडायला गावात कोणी उरलं नाही. ज्या उतारावर आजोबा पेरणीआधी तो पाला जाळून राब भाजायचे, तिथे आज ऐन, किंजळ, खैर आणि शिवण डोक्याच्या वर गेलेत. तिथेच आता काजूची बाग करायची म्हणून एप्रिल-मेमध्ये घाईघाईने जेसीबी लावतात. दोन दिवसांत डोंगर बोडका होतो आणि तिसऱ्या दिवशी वनरक्षक दारात उभा राहतो. तेव्हा मालक मनापासून म्हणतो, "अहो, झुडपंच तर होती!" नव्वद टक्के मनस्ताप या एका वाक्यात आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

झाड कोणतं, हे न बघताच कोयती चालवणं

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात खाजगी जमिनीवरच्या तोडीला 1964 चा वृक्षतोड विनियमन कायदा लागू आहे. त्याच्या अनुसूचीत सोळा नावं आहेत: हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, बिबळा, हेदू, तिवस, ऐन, किंजळ, अंजन, जांभूळ आणि खारफुटी. यांतलं एकही झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही. ते तुम्ही लावलं, आपोआप आलं की जुन्या खुंटाला फुटून वाढलं, याने फरक पडत नाही. पडीक उतारावर आपोआप उगवणाऱ्या झाडांत ऐन, किंजळ, खैर आणि जांभूळ हीच जास्त असतात, हे लक्षात घ्या.

अडचण अशी की ही झाडं लहानपणी ओळखू येत नाहीत. म्हाताऱ्या ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली असते, पण मनगटाएवढ्या फुटव्याला तसलं काही नसतं. मग पान उलटून बघायचं. ऐनाच्या पानाच्या मागच्या बाजूला, देठाजवळ मधल्या शिरेला लागून बारीक गाठी दिसतात. सागाचं कोवळं पान बोटांत चुरगळलं की बोटं लाल होतात. खैराला पानाच्या देठाखाली आकड्यासारखे वाकडे काटे जोडीने असतात. गावातला एखादा जुना गुराखी बरोबर घेतलात तर अर्ध्या दिवसात सगळं रान नावानिशी सांगेल. त्याला त्या दिवसाची मजुरी द्या, जेसीबीच्या तासाच्या भाड्यापेक्षा ती नक्कीच सत्कारणी लागेल.

बांबूची गोष्ट वेगळी. 2017 मध्ये भारतीय वन अधिनियमात दुरुस्ती झाली आणि वृक्षाच्या व्याख्येतून बांबू वगळला गेला.

सातबाऱ्यावर नाव आहे, एवढ्यावर विसंबणं

नाव असणं ही पहिली पायरी झाली. त्यानंतर "इतर हक्क" हा रकाना शांतपणे वाचा आणि तिथल्या प्रत्येक फेरफार क्रमांकाची नक्कल काढा. "खाजगी वन", "कलम 35(3)" (भारतीय वन अधिनियमाखालची जुनी नोटीस), "राखीव वन" असं काही दिसलं तर कोयतीसुद्धा बाहेर काढू नका. 1975 चा खाजगी वने संपादन कायदा 30 ऑगस्ट 1975 रोजी अमलात आला आणि त्या दिवशी कितीतरी खाजगी रानं सरकारजमा झाली. पुढे 2014 मध्ये गोदरेज आणि बॉइस कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की कलम 35(3) ची जुनी नोटीस नुसती काढली होती, एवढ्यावर जमीन खाजगी वन होत नाही. पण हा निकाल वाचून आपणच आपल्याला दाखला देऊ नये. शेरा कमी होईपर्यंत तो शेराच आहे. याच 1975 च्या कायद्याच्या कलम 22-अ खाली जमीन परत मिळालेली असेल तर तो आदेश शोधून त्यातल्या अटी वाचा. नसेल, तर जिल्हाधिकाऱ्यांकडे त्याच कायद्याच्या कलम 6 खाली चौकशी मागायची वाट आहे. ती लांबची आहे, पण खरी आहे.

सातबारा कोरा असला तरी दाट रान मोकाट तोडता येतं असं नाही. गोदावर्मन प्रकरणातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या 12 डिसेंबर 1996 च्या आदेशाने जंगल हा शब्द नेहमीच्या अर्थाने घ्यायला सांगितला, मालकी कोणाचीही असो. त्यात काही एकरांवर सलग छत्र धरलेलं रान असेल तर आधी वनखात्याचं लेखी म्हणणं घ्या. तोंडी "हरकत नाही" कोर्टात उपयोगी पडत नाही.

शेजाऱ्याने तोडलं म्हणून आपणही तोडणं

नियम गावागणिक बदलतात. जमीन नगरपरिषदेच्या हद्दीत गेली असेल तर शहरी भागांचा 1975 चा वृक्ष जतन कायदा लागतो आणि तिथे अनुसूचीबाहेरच्या झाडालाही परवानगी लागते. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात उच्च न्यायालयाने 2013 साली वृक्षतोडीवर बंदी घातली. खाडीकाठी खारफुटी असेल तर तिच्याभोवतीच्या 50 मीटरलाही हात लावायचा नाही. सीमेपलीकडे गोव्यात 1984 चा वेगळा कायदा आहे आणि तिथे खाजगी वन ठरवताना पाच हेक्टर क्षेत्र, झाडांच्या छत्राची 0.4 दाटी आणि 75 टक्के वनप्रजाती हे निकष लावतात. पालघर-रायगडात जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर झाडांच्या विक्रीसाठी 1969 चा स्वतंत्र कायदा आहे. व्यापाऱ्याशी परस्पर सौदा करायचा नाही.

सगळं ठेकेदारावर सोपवणं

"परवानगीचं आम्ही बघतो, तुम्ही फक्त सह्या करा," हे वाक्य मुंबईत राहणाऱ्या मालकांना फार गोड लागतं. कोऱ्या कागदावर आणि सरसकट मुखत्यारपत्रावर सही करू नका. गुन्हा नोंदवला जातो तेव्हा सातबाऱ्यावरचं नाव वाचलं जातं. अर्जासोबत सातबारा, आठ-अ, गटाचा नकाशा आणि झाडांची यादी लागते. यादीत प्रत्येक झाडाची जात आणि छातीच्या उंचीवरचा घेर स्वतः हजर राहून लिहून घ्या. हद्दीवरच्या झाडांचा वाद नको असेल तर मोजणी आधी करून घ्या. हद्दीचा दगडी गडगा पडलेला असतो आणि शेजाऱ्याचा फणस आपल्या यादीत येतो. तोडायची परवानगी आणि न्यायचा वाहतूक पास हे दोन वेगळे कागद आहेत. पहिला हातात आला म्हणून ट्रक भरला की चेकनाक्यावर अडकतो.

सगळंच उपटणं

मला सर्वांत जास्त वाईट वाटतं ते याचं. कायद्याने परवानगी दिली तरी सगळं सपाट करायची गरज नसते. जेसीबी खुंट मुळासकट काढतो, जांभ्यावरची वीतभर माती मोकळी होते आणि पहिल्याच मृगात ती वहाळात, म्हणजे ओढ्यात जाते. मग काजूची रोपं दगडात लावायची वेळ येते. वहाळाच्या दोन्ही बाजू राखा. उंबर, बेहडा, कुसुम असे मोठे वृक्ष राखा, त्यांच्या ढोलीत धनेश पक्षी घरटं करतो. बाकीच्यांत ओळी मोकळ्या करून रोपं लावली तर ऊन कमी पडत नाही आणि मातीही राहते. आणि आग लावून रान साफ करू नका. वणवा बांध ओळखत नाही, शेजारच्या बागेची भरपाईही मग तुमच्या माथी येते.

चूक होऊन गेली असेल तर

काम त्याच क्षणी थांबवा. पडलेलं लाकूड हलवू नका, विकू नका, खुंट जाळू किंवा मातीने बुजवू नका. पुरावा नाहीसा केल्याचा संशय मूळ तोडीपेक्षा जड जातो. जागेचे तारखेसह फोटो काढा. पंचनाम्याला स्वतः हजर राहा, त्यात लिहिलेली जात आणि घेर वाचूनच सही करा, चूक वाटली तर तिथेच हरकत लिहा. नोटिशीला दिलेल्या मुदतीत लेखी उत्तर द्या आणि पोच घ्या. पावसानंतर तुटलेल्या ऐन-किंजळाला पुन्हा फुटवे येतील. त्यांतला दर खुंटाला एक सरळ फुटवा राखण्याची तयारी उत्तरात लिहून द्या आणि तो खरोखर राखा, कारण पाहणीला अधिकारी पुन्हा येतात.