हायवेच्या वेगमर्यादेवर चर्चा कशी करावी

सोलापुरात चार माणसे जमली आणि पुण्याच्या रस्त्याचा विषय निघाला की कुणीतरी हमखास सांगतो, ‘‘मी अडीच तासांत आलो.’’ चर्चेची सुरुवात याच वाक्यापासून करावी, कारण ते तपासायला कायद्याचे पुस्तक लागत नाही, साधा भागाकार पुरतो. अंतर सुमारे 250 किलोमीटर, म्हणजे सरासरी ताशी 100 पडली. टोलनाके, हडपसरची गर्दी आणि वाटेतला एक चहा धरूनही ही सरासरी निघाली असेल, तर मोकळ्या रस्त्यावर काटा बराच वेळ 120 च्या आसपास होता, हे बोलणाऱ्याने नकळत कबूलच केलेले असते. त्याला टोमणा न मारता हा हिशेब कागदावर मांडून दाखवावा. पुढची चर्चा आकड्यांवर राहते.

पहिले काम म्हणजे विषय नेमका ठरवणे. जुळे सोलापुरातील आमच्या वाचनकट्ट्यावर ‘महामार्गावरील वेगमर्यादा वाढवावी की कमी करावी’ असा विषय आम्ही एकदा ठेवला आणि दीड तासानंतर प्रत्येक जण वेगळ्याच रस्त्याबद्दल बोलत होता, असे लक्षात आले. कुणाच्या डोळ्यांपुढे विजयपूरचा रस्ता, कुणाच्या अक्कलकोटचा, तर एकाच्या तुळजापूरचा, तोही कोजागरीला पायी जाणाऱ्या भाविकांनी भरलेला. म्हणून विषयात रस्त्याचा टप्पा, वाहनाचा प्रकार आणि वेळ या तिन्ही गोष्टी याव्यात. ‘मोहोळ ते सावळेश्वर या टप्प्यात गाळप हंगामात सूर्यास्तानंतर मोटारींसाठी 80 ची मर्यादा असावी’ या विषयावर बाजू घेता येते, पुरावा देता येतो आणि हरताही येते.

त्यानंतर कायद्याची चौकट सर्वांसमोर ठेवावी. केंद्र सरकारच्या 6 एप्रिल 2018 च्या अधिसूचनेत दुभाजक असलेल्या चौपदरी किंवा त्याहून रुंद रस्त्यावर मोटारीसाठी कमाल वेग ताशी 100, बससारख्या प्रवासी वाहनांसाठी 90, मालवाहू वाहने व मोटारसायकलींसाठी 80 आणि तीनचाकींसाठी 50 किलोमीटर दिला आहे. प्रवेश नियंत्रित द्रुतगती मार्गावर मोटारीला 120 आहे. इथे एक घोटाळा नेहमी होतो. आपला पुणे रस्ता चौपदरी आणि दुभाजकाचा असला, तरी त्यावर गावांचे फाटे थेट येऊन मिळतात, त्यामुळे 120 चा आकडा त्याला लागूच होत नाही. शिवाय मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 112 नुसार राज्य सरकारला सार्वजनिक सुरक्षेसाठी एखाद्या रस्त्यावर याहून कमी मर्यादा ठरवता येते, पण केंद्राच्या कमाल मर्यादेपलीकडे जाता येत नाही. म्हणजे मर्यादा वाढवा म्हणणाऱ्याचे गाऱ्हाणे दिल्लीचे आणि कमी करा म्हणणाऱ्याचे राज्याचे. हा फरक आधी सांगितला नाही तर दोघेही चुकीच्या दाराशी उभे राहतात.

खरा कस लागतो तो थांबण्याच्या अंतरावर, आणि माझ्या मते या भागाला चर्चेचा निम्मा वेळ द्यावा. ‘वेग वाढला की धोका वाढतो’ या वाक्याने कुणाचेही मत बदलत नाही. त्याऐवजी एक उदाहरण फळ्यावर सोडवावे. रस्ता कोरडा, टायर चांगले आणि चालकाचा पाय ब्रेकवर जायला एक सेकंद, असे धरावे. ब्रेक लागल्यावर दर सेकंदाला वेग 7 मीटर प्रति सेकंद इतका उतरतो, असेही मानावे. ताशी 80 ने जाणारी मोटार सुमारे 58 मीटरवर थांबते आणि 100 ने जाणारीला सुमारे 83 मीटर लागतात, इथपर्यंत ऐकणारे माना डोलावतात. मग विचारावे की पहिली मोटार जिथे थांबली, त्या जागी दुसरीचा वेग किती असेल? बहुतेक जण 20 किंवा 30 म्हणतात. उत्तर सुमारे 68 आहे. थांबण्यासाठी झिजवावी लागणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते आणि शिवाय पहिल्या सेकंदात ब्रेक लागण्याआधीच ती मोटार जवळपास 28 मीटर पुढे गेलेली असते, हे त्यामागचे कारण. आमच्या कट्ट्यावर हा आकडा फळ्यावर आल्यावर एका गृहस्थांनी तो स्वतःच्या मोबाइलवर पुन्हा काढून पाहिला आणि मग काही वेळ काहीच बोलले नाहीत.

मर्यादा वाढवा म्हणणाऱ्यांची बाजूही दुबळी करून मांडू नये. अपघाताला नुसता वेग नव्हे, तर वाहनांच्या वेगांतील तफावत कारणीभूत ठरते, आणि मोकळ्या रस्त्यावर अवास्तव कमी मर्यादा लावली तर कुणीच ती पाळत नाही, असे ते म्हणतात. मुद्दा रास्त आहे. मात्र सोलापुरात तो उलटाही फिरतो. दोन ट्रॉल्या ओढणारा उसाचा ट्रॅक्टर रात्री ताशी 20 ने चाललेला असतो, मागे लाल दिवा नसतो आणि लोंबत्या उसाने रिफ्लेक्टर झाकलेला असतो. मागून 100 ने येणाऱ्या मोटारीच्या झोतात तो 100 मीटरवर दिसला, तर मधले अंतर साडेचार सेकंदांत संपते. तेव्हा तफावत कमी करायची तर ट्रॉलीला दिवे लावण्याची मागणी वेगमर्यादेच्या मागणीसोबतच करावी. दिवसा मोकळ्या टप्प्यात 100 ला माझी हरकत नाही; हंगामातल्या रात्री आहे.

अंदाजांवर भांडण्यापेक्षा वेग मोजून आणावा. दर 200 मीटरला असणारे दगड जिथे शाबूत असतील, तिथे दोघांनी सेवारस्त्यावरून किंवा शेताच्या बांधावरून, वाहनचालकांच्या नजरेत न येता, वाहनाला लागलेले सेकंद नोंदवावेत आणि 720 ला त्या सेकंदांनी भागावे. 8 सेकंद म्हणजे ताशी 90. अंतर 100 मीटर घेतले तर अर्ध्या सेकंदाची चूक फार महागात पडते. शंभर मोटारींचे वेग चढत्या क्रमाने लावले की 85 वा आकडा पाहावा, कारण वाहतूक अभियंते मर्यादा ठरवताना त्याचा विचार करतात.

एकमत झाले किंवा नाही झाले, तरी अर्ज लिहावा. जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेल्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीच्या नावे तो द्यावा आणि त्यात किलोमीटर दगडाचा क्रमांक, दिशा, मोजणीची तारीख व वेळ, मागितलेली मर्यादा आणि फलक कुठे हवा ती जागा लिहावी. मतभेद राहिले असतील तर दोन्ही म्हणणी एकाच अर्जात, वेगळ्या परिच्छेदांत द्यावीत. दोन प्रती न्याव्यात आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.