शेवटच्या मिनिटांतले मुद्दाम फाऊल कसे थांबवायचे

टिळकवाडी काय नी खानापूर काय, बास्केटबॉलची मॅच रंगात आली की मागं पडलेली टीम घड्याळ थांबवायला फाऊलवर फाऊल करते आणि सगळी मजाच जाते, म्हणून आपल्या टुर्नामेंटला एलम एंडिंग लावून बघा. चौथ्या क्वार्टरची 4 मिनिटं उरली की पहिल्या डेड बॉलला, म्हणजे खेळ पहिल्यांदा थांबला की, मॅचचं घड्याळ बंदच करायचं, पुढं असलेल्या टीमच्या स्कोअरमध्ये 8 मिळवायचे, समजा 52-47 आहे तर टार्गेट 60, आधी गाठेल तो जिंकला. वेळच नाही तर फाऊल करून वाचवणार काय, उलट फ्री थ्रो (कुणी न अडवता मारायचे शॉट) देऊन त्यांनाच टार्गेटजवळ नेणार! टार्गेट फळ्यावर मोठं लिहा, दोन्ही कोचना आधीच सांगा. आणि बॉल सोडून नुसतं प्लेअरलाच धरलं तर अनस्पोर्ट्समनलाईक फाऊल (खेळभावना सोडून केलेला), ज्यांच्यावर फाऊल झाला त्यांना 2 फ्री थ्रो नी बॉल परत त्यांनाच, इथं रेफरीनं अजिबात कचरायचं नाही.