महाराष्ट्राचा भूगोल पाठ न करता कसा समजून घ्यायचा, सुरुवात रामनदी आणि कात्रजच्या घाटापासून

सदाशिव पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत डोकावा, कोणीतरी गोदावरीच्या उपनद्यांची यादी घोकत बसलेलं असणारच, प्रवरा सिंदफणा दुधना पूर्णा मांजरा, आणि आठवड्याने विचारलं तर त्यातली मांजरा भीमेला जाऊन मिळालेली असते. शाळेतल्या पोरांचंही तेच. माझं म्हणणं एवढंच की यादीच्या आधी डोंगर बघा, पावसाचं पाणी कुठल्या उताराला लागतं ते बघा, मग नद्या, तळी, कोकण, देश, विदर्भ बऱ्यापैकी आपापल्या जागी बसतात. पुण्यात राहणाऱ्याला तर हे सोपंच आहे, कारण तास-दोन तासांच्या अंतरावर यातलं निम्मं डोळ्यांनी बघता येतं.

सामान फार लागत नाही. मोबाईलवर मॅप उघडून टेरेनचा लेयर ऑन करा, सुरुवातीला तेवढं पुरतं. नीट करायचं असेल तर सर्व्हे ऑफ इंडियाच्या साईटवरून १:५०,००० चं टोपोशीट, म्हणजे चढ-उतार दाखवणारा नकाशा, उतरवून घ्या आणि ए-थ्रीवर कलर प्रिंट काढा, ब्लॅक अँड व्हाईट काढू नका, कारण सगळा खेळ निळ्या आणि तपकिरी रेषांचा आहे. निळी म्हणजे ओढा किंवा नदी, तपकिरी म्हणजे समोच्च रेषा, एकाच उंचीच्या जागा जोडणारी. या रेषा एकमेकींना चिकटून आल्या की कडा, लांब लांब गेल्या की सपाटी. आणि एक गोष्ट डोक्यात फिट्ट बसवा: तपकिरी रेषेला जिथे टोक येतं ते टोक चढाकडे असेल तर ती घळ, उताराकडे असेल तर सोंड. हे एकदा जमलं की निळी रेष छापलेली नसली तरी पाणी कुठून वाहणार ते कळतं.

आता पहिला सराव, आणि तो गोदावरीवर करू नका, रामनदीवर करा. भुकूम-भूगावच्या बाजूच्या डोंगरातून निघते, बावधनमधून पाषाण तलावात येते, पुढे सोमेश्वरवाडीवरून औंधजवळ मुळेला मिळते, बस एवढीशी नदी. जिथे ती मुळेला मिळते तिथे पेन्सिल टेकवा आणि तिथून डोंगराच्या धारेने वर सरकत जा. अट एकच, निळी रेष एकदाही ओलांडायची नाही. ओलांडावी लागली म्हणजे धार सुटली, मागे या. असं करत पूर्ण वळसा घालून परत संगमावर आलात की जो वेडावाकडा आकार तयार होतो ते रामनदीचं पाणलोट क्षेत्र, म्हणजे जिथलं सगळं पाणी शेवटी रामनदीत येतं ती जमीन. एका बाजूला वेताळ टेकडी, दुसऱ्या बाजूला बाणेर-पाषाण टेकडी, आणि चांदणी चौक जवळपास धारेवरच. तिथून कोथरूडकडे उतरलेलं पाणी मुठेला जातं, बावधनकडे उतरलेलं रामनदीतून मुळेला. रोज तिथल्या ट्रॅफिकमध्ये अडकणाऱ्या लोकांना आपण जलविभाजकावर उभे आहोत हे माहीतच नसतं, असो.

हे जमलं की कात्रजच्या जुन्या घाटात जा. बोगद्याच्या अलीकडचं पाणी आंबिल ओढ्याने मुठेला, मग मुळा-मुठा होऊन रांजणगाव सांडसजवळ भीमेला, तिथून उजनी. पलीकडचं पाणी शिवगंगेत, खेड शिवापूरवरून गुंजवणी, मग नीरा. म्हणजे वाटा फुटल्या, पण कायमच्या नाही, कारण नीरासुद्धा इंदापूर तालुक्याच्या टोकाला नरसिंगपूरला भीमेलाच मिळते. आता याच्याशेजारी लोणावळा ठेवून बघा. तिथे इंद्रायणी निघते ती देहू-आळंदीवरून भीमेला जाते, भीमा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला, आणि तिथूनच कड्याच्या दुसऱ्या अंगाला उल्हास उतरते ती कर्जत-कल्याण करत अरबी समुद्राला. ही दोन पाणी पुन्हा कधीच भेटत नाहीत. कात्रज हा छोटा विभाजक, सह्याद्रीची मुख्य धार हा मोठा. कुठलाही नकाशा हातात आला की आधी मोठा विभाजक शोधायचा, मग छोटे, या क्रमानेच जा.

राज्याचा सांगाडा लक्षात ठेवायला आपला पंजा टेबलावर उताणा-पालथा कसाही ठेवा, बोटं उजवीकडे. मनगटाची बाजू म्हणजे उत्तर-दक्षिण सह्याद्री, आणि मधली तीन बोटं म्हणजे त्यातून पूर्वेला फुटलेल्या रांगा. वरचं सातमाळा-अजिंठा, मधलं हरिश्चंद्र-बालाघाट, खालचं शंभू महादेव. वरच्या आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात गोदावरी, मधल्या आणि खालच्याच्या बेचक्यात भीमा, सगळ्यात खाली कृष्णा. आता सांगा मांजरा कुठे जाणार? बालाघाटाच्या डोंगरात उगम, आधी पूर्वेकडे, मग उत्तरेकडे वळून गोदावरीलाच, पाठ करायचं काय त्यात. आणि वरच्या बोटाच्या वर तापी, ती मात्र उलटी. मध्य प्रदेशात मुलताईला निघून सातपुडा आणि सातमाळ्याच्या मधल्या खचलेल्या पट्ट्यातून पश्चिमेला सुरतेकडे. खानदेश वेगळा का वाटतो, तर हा पट्टाच वेगळा, गाळाची जमीन, केळी-कापूस, आणि बघायचं तोंड गुजरातकडे.

विभागांचं कोडं उलगडायला एका दिवसाची सहल करा, ताम्हिणी ते दौंड. पावसाळ्याच्या शेवटी जा, सप्टेंबरात. ताम्हिणीत पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस सहज होतो, पुणे शहरात सातशेच्या आसपास, आणि दौंड-इंदापूरकडे पाचशेपर्यंत खाली. ढग समुद्रावरून येतात, सह्याद्री चढताना थंड होऊन रिकामे होतात आणि पलीकडे उतरतात तेव्हा त्यांच्यात फारसं काही उरलेलं नसतं. हे पुस्तकात एका ओळीत असतं पण गाडीतून बघताना मजा येते. मुळशीच्या बाजूला भाताची खाचरं, तांदळाचे इंद्रायणी, आंबेमोहोर असे वाण, घरांची छपरं उतरती, जमीन लालसर. पिरंगुट सोडलं की खाचरं विरळ होतात. हडपसर ओलांडून उरुळी-यवतकडे गेलात की आभाळ मोठं होतं, माळ सुरू होतो, काळी जमीन, ज्वारी-बाजरीचा मुलूख. शंभरेक किलोमीटरच्या प्रवासात मावळ संपून देश सुरू होतो.

फक्त एक सावधगिरी. यवतच्या पुढे ऊसच ऊस दिसेल आणि तुम्ही म्हणाल इथे तर पाऊस कमी होता ना. बरोबर, तो ऊस पावसाचा नाहीच, खडकवासल्याच्या कालव्याचा आहे, तोच कालवा जो पर्वती-स्वारगेटच्या बाजूने शहरातून जातो. त्यामुळे पीक बघून पावसाचा अंदाज करायचा असेल तर कालव्याच्या वरच्या अंगाची कोरडवाहू शेतं बघायची, खालची नाही. हे न बघता नुसता सॅटेलाईट मॅपवरचा हिरवा रंग बघून निष्कर्ष काढणारे लय भेटतात.

माणसाने पाणी उलटं फिरवलंय अशाही जागा आहेत आणि परीक्षेत-गप्पांत लोक तिथेच आपटतात. कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंग करून आला असाल तर ते पाणी कुठलं होतं? मुळशीचं. मुळशी धरण मुळा नदीवर, म्हणजे हक्काने ते पाणी पुण्यातून भीमेला जायला हवं, पण टाटांनी ते बोगद्यातून कड्याखाली भिऱ्याला सोडून वीज केली आणि वापरलेलं पाणी कुंडलिकेला मिळालं, म्हणून तर तिथे भर उन्हाळ्यातही राफ्टिंग चालतं. याच धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांचा मुळशी सत्याग्रह झाला होता. कोयनेचंही तसंच, नदी कऱ्हाडला कृष्णेला मिळते पण तिच्या धरणाचं बरंचसं पाणी वीज करून वाशिष्ठीत, चिपळूणकडे जातं. टोपोशीटवर बोगदे तुटक रेषेने दाखवतात, ते शोधा.

पाणथळ जागांना एकच प्रश्न विचारायचा, हे पाणी इथे थांबलं कशामुळे? आपल्याकडे बेसॉल्टचा खडक, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर साचून झालेला, आणि उतार असा की पाणी वाहून जातं, त्यामुळे पश्चिम महाराष्ट्रातलं जवळपास प्रत्येक तळं कोणीतरी बांधलेलं निघतं. कात्रजचं तळं पेशव्यांचं, तिथून बंद नळाने शनिवारवाड्याला पाणी यायचं. भिगवणचे फ्लेमिंगो उजनीच्या फुगवट्यावर येतात, म्हणजे १९८० च्या धरणामुळे. ते पाणी हिवाळ्यात हळूहळू उतरायला लागतं, काठाला उथळ चिखल उघडा पडतो, पक्षी तिथे चरतात आणि त्याच उघड्या पडलेल्या जमिनीत शेतकरी गाळपेर करतात. जायचं तर जानेवारी ते मार्च, पहाटे, कुंभारगावच्या बाजूने होडी मिळते. नांदूर मधमेश्वरही तसंच, गोदावरी आणि कादवाच्या संगमाजवळ बंधारा घातला, गाळ साचला, बेटं झाली, आणि जानेवारी २०२० मध्ये ते राज्यातलं पहिलं रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. ठाण्याच्या खाडीचं उत्तर वेगळं, तिथे भरती-ओहोटी आणि तिवरं. लोणार तर सगळ्यांहून वेगळं, उल्का आदळून बेसॉल्टमध्ये पडलेला खड्डा, पाणी आत येतं पण बाहेर पडायला वाट नाही म्हणून खारट, आणि २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं तेव्हा आपल्या पुण्यातल्या आघारकर संशोधन संस्थेतल्या लोकांनी तपासून सांगितलं की ते खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांमुळे.

पूर्व विदर्भात गेलात की बेसॉल्ट संपतो आणि तिथेच नकाशाचा पोत बदलतो, झूम करून बघा, भंडारा-गोंदियावर निळे ठिपकेच ठिपके. जुना ग्रॅनाईट-नाईससारखा खडक, पाऊस चांगला, भाताचा मुलूख, आणि पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारांचे, तलाव, तिकडे मामा तलाव म्हणतात. चंद्रपूरला कोळसा आहे तोही याच कारणाने, तिथे जुने थर वर आहेत. पुण्याखाली कोळसा कोणी शोधत नाही. वैनगंगा, वर्धा, पैनगंगा या सगळ्या मिळून प्राणहिता होऊन सिरोंच्याजवळ गोदावरीत जातात, आणि म्हणूनच राज्याचं जवळजवळ निम्मं क्षेत्र एकट्या गोदावरीच्या खोऱ्यात येतं, हे आकडा म्हणून वाचलं तर खरं वाटत नाही.

नावांची गल्लत टाळा. मुळा दोन आहेत, आपली आणि राहुरीच्या धरणाची, जी प्रवरेला मिळते. पूर्णाही दोन, एक अकोल्याकडून तापीला जाते, दुसरी येलदरीवरून गोदावरीला. नाव लिहिताना शेजारी खोरं लिहायची सवय लावा.

शेवटचं काम, खोऱ्यांच्या नकाशावर विभागांच्या सीमा ट्रेसिंग पेपरने ठेवून बघा. त्या जुळत नाहीत, कारण मराठवाडा निजामाच्या राज्यातून आला, विदर्भ मध्य प्रांत-वऱ्हाडातून, पाण्याला विचारून कोणी रेषा आखल्या नव्हत्या. अहिल्यानगर जिल्हा याचा चांगला नमुना, उत्तरेचं पाणी प्रवरेतून गोदावरीला, दक्षिणेचं सीनेतून भीमेला. म्हणून कमी पावसाच्या वर्षी दिवाळीच्या आसपास जायकवाडीत पाणी सोडण्यावरून नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा अशा बातम्या सुरू झाल्या, समन्यायी म्हणजे सगळ्यांना रास्त पाणीवाटप, त्यासाठीचा २००५ चा कायदा वगैरे, की त्या नुसत्या वाचू नका. गंगापूर, दारणा, भंडारदरा, निळवंडे, मुळा ही धरणं वरून खाली नकाशावर खूण करा, सगळ्यात खाली पैठणचा नाथसागर, म्हणजेच जायकवाडी, काढा आणि मग बातमी पुन्हा वाचा.