संकलनाची सीमाच अज्ञात असते तेव्हा

निश्चित संकलन (दोन सीमांमधले वक्राखालचे क्षेत्रफळ काढणे) शिकताना दोन्ही सीमा प्रश्नातच दिलेल्या असतात. प्रत्यक्ष कामात मात्र त्यांपैकी एखादी सीमाच शोधायची असते आणि तिच्यासाठी सूत्र नसते. अशी सीमा आकडेमोडीने काढताना आधी ती कोणत्या प्रकारची आहे हे ओळखावे, कारण आकडेमोड किती काटेकोर हवी हे त्यावरच ठरते.

पहिला प्रकार दोन वक्रांमधल्या क्षेत्रफळाचा. य = कॉस क्ष आणि य = क्ष² यांनी वेढलेले क्षेत्रफळ हवे असेल, तर कॉस क्ष = क्ष² हे समीकरण सोडवावे लागते, आणि नेहमीच्या बीजगणिती युक्त्यांना ते दाद देत नाही. आलेखाची कच्ची आकृती काढली की धन छेदबिंदू ०.८ च्या आसपास दिसतो. आकृती सममित असल्याने ऋण छेदबिंदू वेगळा शोधावा लागत नाही. ०.८ पासून न्यूटन-रॅफसन पद्धत चालवावी, म्हणजे फलनाची किंमत भागिले त्याचा विकलज (बदलाचा दर) हा भागाकार अंदाजातून वजा करत जावा: कॉस क्ष − क्ष² ची किंमत ०.०५६७०७ येते, विकलजाची −२.३१७३५६, आणि भागाकार वजा केल्यावर ०.८२४४७० मिळते. दुसऱ्या फेरीत ०.८२४१३२ येते आणि सहा दशांश स्थळांपर्यंत ते पुढे बदलत नाही. (कॅल्क्युलेटर रेडियनवर आहे ना, हे आधी पाहावे, अंशांवर राहिला तर उत्तर १ ला चिकटून येते आणि वरवर पाहता खरेही वाटते.)

क्षेत्रफळ १.०९४७५ येते. गंमत अशी की ०.८ हीच कच्ची सीमा ठेवली असती, तरी ते १.०९३३८ आले असते: सीमेत जवळपास तीन टक्के चूक, क्षेत्रफळात जेमतेम सव्वा सहस्रांश भाग. छेदबिंदूपाशी दोन वक्रांमधली उंची शून्य होते, त्यामुळे सीमेतल्या चुकीचा परिणाम तिच्या वर्गाच्या प्रमाणात उरतो. म्हणून येथे सीमेच्या आठव्या दशांशासाठी जीव टाकू नये.

दुसऱ्या प्रकारात क्षेत्रफळ दिलेले असते आणि वरची सीमा विचारलेली असते. ई^(−क्ष²) या फलनाचे शून्यापासून अनंतापर्यंतचे संकलन √π/२ आहे. त्याच्या निम्मे, म्हणजे ०.४४३११३, कोणत्या ब पर्यंत भरते? या फलनाचे संकलन प्राथमिक फलनांत मांडता येत नाही, त्यामुळे ब चे समीकरण लिहितानाही सिम्पसनच्या नियमाचा (क्षेत्रफळ उभ्या पट्ट्यांत विभागून मोजण्याच्या रीतीचा) आधार लागतो. मात्र न्यूटन-रॅफसनसाठी लागणारा विकलज येथे फुकट मिळतो: वरच्या सीमेच्या संदर्भात संकलनाचा विकलज म्हणजे त्या सीमेवरची फलनाची किंमत. ब = ०.५ घेऊन चार पट्ट्यांनी ०.४६१२८६ मिळते. जास्तीचे ०.०१८१७३ भागिले ०.७७८८०१, म्हणजे ०.०२३३३५ मागे यावे. आणखी एका फेरीत ०.४७६९३ पर्यंत पोहोचता येते. सहावा दशांश हवा असेल, तर आठ पट्ट्या घ्याव्यात, कारण संकलन जेवढे खरे त्याहून सीमा अधिक खरी होऊ शकत नाही.

सुरुवात मात्र विचारपूर्वक करावी. ब = २ पासून निघाल्यास तेथे फलनाची उंची ०.०१८३ एवढीच असते, भागाकार फुगतो आणि पहिल्याच फेरीत ब उणे २२ च्या आसपास जाऊन पडतो. अशी धास्ती असेल तर दुभाजन पद्धत बरी: शून्यापाशी क्षेत्रफळ कमी पडते, १ पाशी जास्त होते, म्हणून उत्तर या दोहोंच्या मध्ये आहे, मध्यबिंदू तपासून अंतर निम्मे करत गेल्यास वीस फेऱ्यांत ते एक दशलक्षांशाखाली उतरते. माझी सवय अशी, की तीन-चार फेऱ्या दुभाजनाच्या करायच्या आणि मगच न्यूटनकडे वळायचे.

उंचीचा हाच प्रश्न अचूकतेतही आडवा येतो. सीमेतली चूक म्हणजे साधारणपणे क्षेत्रफळातली चूक भागिले सीमेवरची उंची. ०.४८ च्या आसपास दोन्ही चुका जवळपास सारख्याच राहतात. पण सीमा २ च्या जवळ असेल, तर क्षेत्रफळातला ०.००००१ चा फरक सीमेत ०.०००५ होऊन उतरतो. त्यामुळे वक्राच्या शेपटीकडची सीमा शोधताना पट्ट्यांची संख्या दुप्पट करून सगळे पुन्हा चालवावे, आणि दोन्ही वेळा जेवढे दशांश जुळतील तेवढेच लिहावेत.