कर्नलच्या बिनपातळी संदेशांना पातळी कशी द्यावी

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत वाळू मिसळायच्या यंत्रावर लिनक्सचा छोटा कंट्रोलर आहे. एकदा तो सुरू व्हायलाच फार वेळ घेऊ लागला, म्हणून मी सिरियल केबल लावून बसलो. सेन्सरच्या ड्रायव्हरची (सेन्सर चालवणाऱ्या प्रोग्रॅमची) एकच ओळ धो धो येत होती. खरी चूक मेमरी कार्डाची होती, पण ती ओळ कधीच वर सरकून गेली होती. सेकंदाला ९६०० बिट वेगाच्या केबलीवरून सेकंदाला जेमतेम ९६० अक्षरं जातात. ऐंशी अक्षरांच्या शंभर ओळी म्हणजे आठ सेकंद गेलेच!

कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा. त्याच्या प्रत्येक संदेशाला ० ते ७ अशी पातळी असते. ० म्हणजे यंत्रणा कोलमडली, ३ चूक, ४ इशारा, ६ माहिती, ७ डीबग, म्हणजे चुका शोधतानाचा बारीक तपशील. आकडा लहान तितका संदेश गंभीर. ड्रायव्हर लिहिणाऱ्यानं पातळी दिलीच नाही, तर कर्नल स्वतःची ठरलेली पातळी लावतो, सहसा ४. आमची सेन्सरची ओळ अशीच फुकट इशारा होऊन बसली होती.

आधी सध्याची स्थिती बघा. प्रॉक, सिस, कर्नल या वाटेवरची प्रिंटके फाइल उघडली की चार आकडे दिसतात. पहिला कन्सोलचा, म्हणजे संदेश दिसतात त्या पडद्याचा: त्याहून लहान पातळीचेच संदेश पडद्यावर येतात. दुसरा बिनपातळी संदेशांचा. आपलं काम मुख्यतः त्याच्याशी.

रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) होऊन त्याच फाइलीत ‘५ ६ १ ७’ लिहा (आकडे अर्थातच इंग्रजी). इथं बरेच जण फसतात: दुसरा आकडा ६ केला आणि पहिला ७ च ठेवला, तर गर्दी तशीच राहते, कारण ६ हा ७ पेक्षा लहानच.

मग खात्री करा. देव्ह फोल्डरमधल्या केमेसेज फाइलीत एखादी साधी ओळ लिहा आणि डीमेसेज ही कर्नलची नोंद दाखवणारी आज्ञा ‘एक्स’ पर्यायासह चालवा. ओळीपुढे ‘इन्फो’ (पातळी ६) दिसलं की जमलं. पडद्यावर न आलेला संदेशही या नोंदीत जातोच, हे महत्त्वाचं.

हा बदल रीस्टार्टनंतर जातो. सिसकंट्रोलच्या फाइलीत (सुरू होताना लागू होणाऱ्या कर्नलच्या सेटिंगांच्या) लिहिला तर टिकतो, पण तो लागू होईपर्यंत सुरुवातीचे संदेश येऊन गेलेले असतात, आणि आमचं दुखणं तिथंच होतं. म्हणून कर्नल बांधतानाच, म्हणजे सोर्समधून तयार करतानाच, पातळी ठरवावी. ही सोय २०११ साली कर्नलच्या २.६.३९ आवृत्तीत आली. मेनूकॉन्फिगमध्ये (कर्नलचे पर्याय निवडायच्या मेनूत) ‘कर्नल हॅकिंग’, मग प्रिंटके आणि डीमेसेजचे पर्याय. तिथं डिफॉल्ट मेसेज लॉगलेव्हलला १ ते ७ मधला आकडा देता येतो. ६ द्या, कर्नल बांधा आणि बूटच्या ओळीत (सुरू होताना कर्नलला दिल्या जाणाऱ्या पर्यायांत) कन्सोलच्या आकड्यासाठी ‘लॉगलेव्हल=५’ जोडा.

जुन्या ड्रायव्हरमधली एखादी बिनपातळी ओळ खरंच गंभीर असू शकते. म्हणून पहिले काही दिवस डीमेसेज रोज वाचा आणि तशी ओळ सापडली की सोर्समध्येच तिला योग्य पातळी द्या. आमच्या कंट्रोलरवर नव्या कर्नलनंतर कार्डाची ती ओळ पडद्यावर ठळक थांबलेली दिसली. कार्ड बदललं आणि यंत्र सुरू केलं.