सिंक लावूनही गरब्यावरून पंजाबी गाण्यावर जाताना ताल घसरतो? माझा अनुभव

वडोदऱ्यात दांडिया बाजारातला साखरपुडा, डीजे मी. काकवांना लावणी, शेजारच्या गुजराती मंडळींना गरबा, पोरांना पंजाबी. गरब्यावरून पंजाबीवर गेलं की सिंक (दोन गाण्यांचा वेग आपोआप जुळवणारं सॉफ्टवेअरचं बटण) चालू असूनही पावलं अडखळायची आणि फ्लोअर रिकामा व्हायचा. आवाज वाढवला, फेड (एक गाणं हळूहळू विरवत दुसरं आणणं) लांबवला, लॅपटॉपही बदलला. जाम वैताग आला.

गोम अशी की गरब्याचा हींच ताल सहा मात्रांचा, पंजाबी ठेका चारच्या घरातला. सॉफ्टवेअर सहा मात्रांच्या गाण्याचा वेग कधीकधी दीडपट धरतं: माझ्या टाळीला ९६ बीपीएम (मिनिटाला ठोके), स्क्रीनवर १४४!

आधी पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर टाळी धरून टॅप बटणाने खरा बीपीएम घाला. मग ग्रिडची (स्क्रीनवर ठोके दाखवणाऱ्या रेघांची) पहिली रेघ ढोलाच्या समेवर (पहिल्या मात्रेवर) ओढा. गरबा समेवरच तोडा, फेड अजिबात नको. त्याच सेकंदाला ९६चाच, चार मात्रांचा नुसता ढोल सोडा, आठ आवर्तनं. पाचव्यापासून त्याच वेगाचं पंजाबी गाणं बेस (खर्जाचा आवाज) कापून आत घ्या. आठवं संपताच ढोल बंद, बेस पूर्ण.

दादऱ्यातल्या (हाही सहा मात्रांचाच ताल) लावण्या गरब्याला लागूनच लावा. तिथे ढोलाचा पूल लागत नाही, काकवाही उठतात.